तलाव रिकामा व्हायला तीन दिवस लागतात

ता. ६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अप्पांना माझा नमस्कार सांग. तुझ्या शिट्टीलाही सांग. तिच्या धाकाने मी अजून कुठल्याही तलावाच्या काठावरून पळत नाही, शहाण्यासारखा चालतो.

हे पत्र समुद्राच्या कडेला बसून लिहितोय. कागद दमट झालाय, शाई पसरली तर रडलोय असं समजू नकोस. समोर खडकात कोरलेला तलाव आहे. तीन बाजूंना खडक, चौथ्या बाजूला गुडघाभर उंचीची भिंत आणि भिंतीपलीकडे अख्खा समुद्र. भरती आली की लाट भिंत ओलांडून आत येते आणि पोहता पोहता माणूस एकदम हातभर वर उचलला जातो. दिवसातून दोनदा समुद्रच पाणी बदलून देतो. इथल्या राखणदाराला मी म्हटलं की आमच्या वडिलांनी चाळीस वर्षं हे काम हाताने केलं, तर तो म्हणाला, त्यांना इकडे पाठवा, नुसते बसून राहतील.

आपल्या पंपघरात क्लोरिनच्या पिंपावर जगातल्या तलावांचं कॅलेंडर टांगलेलं असायचं, आठवतं? हा त्यातला मार्च. खरं तर मार्च तुझा. सहा महिने तुझे नि सहा माझे, मोठे झालो की जाऊ, असं आपण वाटून घेतलं होतं. पण तू काही हलत नाहीस! म्हणून तुझ्या नावाने दोन डुबक्या जास्त मारल्या. आणि ऐक, प्रकाशकांनी बाराही तलावांचं पुस्तक करायचं नक्की केलंय. सात झाले, पाच राहिले. अप्पांच्या उजव्या हातात काही फरक आहे का? मुठीत चेंडू दाबायला सांगितलं होतं ना डॉक्टरीणबाईंनी?

पुढचं पत्र पाहुणेघराच्या पत्त्यावर टाक. लोभ आहेच, तो इथल्या भरतीसारखा दिवसातून दोनदा वाढावा.

तुझा,
बुडबुड्या

*

ता. २१ जून

चि. बुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, आणि खरंच दमट होतं. अप्पांनी ते नाकाशी धरलं आणि म्हणाले, खारं पाणी, याला क्लोरिन लागत नाही. जीभ जड झालीय, वाक्य तोडत तोडत येतं, पण डोकं अजून माझ्यापेक्षा चांगलं चालतं. उजव्या हातात फरक नाही. चेंडू मुठीत ठेवला की घरंगळून पलंगाखाली जातो, तो काढायला मी वाकते, एवढाच काय तो व्यायाम घरात होतो.

आता मुद्द्याचं. आपला तलाव बंद होतोय. तीस सप्टेंबरला कार्यालयाचे लोक ताब्यात घेणार, नंतर भर टाकून गाड्या उभ्या करायला जागा करणार. तीसला बंद म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. मला नव्या तलावावर घेतील म्हणतात, घेतील तेव्हा खरं.

अप्पांना सांगायचं की नाही, यावर मी चार दिवस घालवले. शेवटी सांगितलं. ते रडलेबिडले नाहीत. म्हणाले, मग मला एकदा उतरवा. तुला त्यांचा नेम माहीत आहे. रोज सकाळी खोल भागात पांढरी बशी टाकायची, काठावरून तिची निळी किनार दिसली तरच तलाव उघडायचा, आणि सगळ्यांच्या आधी स्वतः पाण्यात उतरायचं. ज्या पाण्यात आपण उतरणार नाही, त्यात दुसऱ्याचं लेकरू उतरवायचं नाही. आता म्हणतात, पहिला मी उतरायचो, तर शेवटचाही मीच.

मी म्हटलं, गेटवरच्या दादांना घेते, उद्या उतरवते. तर नाही! दोघांना मीच पाण्यात सोडलं, मला दोघांनीच सोडायचं, असं म्हणाले. डोक्याखाली त्यांचा हात असायचा आणि तो कधी काढून घेतला ते आपल्याला कळायचंच नाही, त्याबद्दल बोलत होते. हट्ट आहे, मला मान्य आहे. पण गेल्या वर्षी झटका आल्यापासून त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट आहे. तू तेव्हा चार दिवस येऊन गेलास. या खेपेला एक दिवस पुरे.

तारीख कळव, म्हणजे त्यांना सांगता येईल. तुझे तलाव छान आहेत, दुरून तलाव साजरे. लोभ इकडेही आहे, पण तो पोचवायला मी तिकडे येऊ शकत नाही.

तुझी,
ताई

*

ता. १५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि दिवसभर काही सुचलं नाही. आपला तलाव नाही, ही कल्पनाच करवत नाही. मी पंचवीस सप्टेंबरला येतो. लिहून घे, भिंतीवर खडूने लिही, अप्पांना दाखव. पंचवीसला सकाळी मी डोकं धरणार, तू पाय. तू पाय धरण्यात पटाईत आहेस, लहानपणी माझे धरून मला ओढायचीस!

आज ज्या तलावात होतो, तो तुला फार आवडला असता. गरम पाण्याचा. वर उघडं आकाश, चारी बाजूंना पिवळ्या दगडाच्या कमानी, आणि छातीभर पाण्यात म्हातारे लोक तरंगत्या फळीवर बुद्धिबळ खेळतात. पाण्याची वाफ एवढी, की समोरच्याचा वजीर गेला तरी त्याला कळत नाही. एका आजोबांनी मला तीन डाव हरवलं, आणि वर म्हणाले, तरुण माणसाला घाई असते. तिथे बसून अप्पांची आठवण आली. त्यांना आणायला हवं होतं असं वाटलं, मग वाटलं, कोण आणणार.

हा ऑगस्ट, माझा होता. परवा जानेवारी करून आलो, दोन उंच इमारतींच्या मधोमध टांगलेला, काचेच्या तळाचा. खाली रस्ता दिसतो, आणि रस्त्यावरच्या लोकांना आपलं पोट. जानेवारी तुझा होता, पण तू तिथे किंचाळली असतीस. आता तीन राहिले.

अप्पांना म्हणावं, दाढी करून तयार राहा. लोभ असाच गरम ठेव.

तुझा,
बुडबुड्या

*

ता. २ सप्टेंबर

चि. बुडबुड्यास,
अनेक आशीर्वाद.

पंचवीस तारीख अप्पांनी सगळ्या जगाला सांगून झालीय. डॉक्टरीणबाई, वाण्याची बायको, समोरचा शिंपी, कुणी सुटलं नाही. शिंप्याने ताडपत्रीची झोळी शिवून दिली, चार कोपऱ्यांना मूठ आहे. झोळीत ठेवून उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून न्यायचं, कमरेएवढ्या पाण्यात पोचलो की झोळी खाली सरकवायची. मी बॅच सुटल्यावर चौथीतल्या एका मुलाच्या आईला झोळीत घालून दोनदा सराव केला. ती बिचारी हसून हसून पाणी प्याली. डॉक्टरीणबाई आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या की दहा मिनिटं, आणि डोकं वर राहील याची खात्री असेल तर. मी म्हटलं, डोकं माझा भाऊ धरणार आहे.

तू विचारलं होतंस, कोण आणणार. मी वाचून दाखवताना ते वाक्य गाळलं.

रागावून लिहीत नाही. दमलेय. सकाळी पाचला पाणी तपासायचं, दोन बॅच, मध्ये धावत घरी येऊन त्यांना कुशीवर वळवायचं, परत तीन बॅच. माझ्या बोटांची टोकं क्लोरिनने फुटलीत नि तू मला वाफेत बुद्धिबळ खेळणारे म्हातारे सांगतोस. सांग, सांग. अप्पांना ऐकायला आवडतं. परवा मला म्हणाले की तुझा एक तरी तलाव तू बघायला हवा होतास. मी म्हटलं, बघतेय की, रोज बघतेय.

बशी शोधून ठेवलीय. एक टवका उडालाय, पण किनार शाबूत आहे. तू ये. लोभ, राग, सगळं इथे समोरासमोर वाढून देईन.

तुझी,
ताई

*

ता. १६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधीच कान पकडतो. पंचवीसचं अठ्ठावीस केलंय. पूर्ण वाच आणि मग शिट्टी वाजव.

कॅलेंडरमधला डिसेंबर आठवतो? गुहेतला तलाव, छताला भोक आणि त्यातून उन्हाचा एक खांब थेट तळापर्यंत गेलेला. तू म्हणायचीस, हे चित्र काढलेलं आहे, असं खरं नसतं. ताई, खरं असतं! पण वर्षात तीनच दिवस ऊन तसं पडतं, चोवीस ते सव्वीस सप्टेंबर. हुकलं तर पुस्तक एक वर्ष पुढे जाईल, आणि प्रकाशक तोवर थांबणार नाहीत. सव्वीसला दुपारी शेवटचं ऊन बघतो आणि अठ्ठावीसला पहाटे पुढची गाडी आहे, ती धरतो. त्याच संध्याकाळी घरी. दोन दिवस उरतात, तीसपर्यंत मोप वेळ आहे. एकोणतीसला सकाळी अप्पा पाण्यात, माझा शब्द.

अप्पांना तू नीट सांग, तुझं ते ऐकतात. गुहेखालच्या गावात टपाल कचेरी आहे, काही लागलं तर तिथे तार कर. तीन दिवसांसाठी लोभ कमी करू नये, ही विनंती.

तुझा,
बुडबुड्या

*

ता. १ ऑक्टोबर

चि. बुडबुड्यास,

आशीर्वाद आज राहू दे.

तुझं पत्र सव्वीसला दुपारी आलं. पंचवीसला आम्ही दिवसभर वाट पाहिली होती. पत्र वाचून मी तशीच कचेरीत गेले आणि तार केली, सत्तावीसला पाणी सोडणार, लगेच नीघ. तार तुला मिळाली की नाही, देव जाणे. मिळाली असेल तर तू कुठे आहेस? नसेल तर अठ्ठावीसला कुठे होतास?

तीसला बंद म्हणजे तीसला कोरडा. तीसला ते कोरड्या तलावाची पाहणी करून किल्ल्या घेणार. आपला तलाव रिकामा व्हायला तीन दिवस लागतात, पंपघराच्या पायरीवर बसून दर वर्षी आपण ते मोजायचो. ते तू विसरू शकतोस, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी लिहायला हवं होतं. तेवढी चूक माझी, तेवढीच.

सव्वीसला संध्याकाळी मी अप्पांना म्हटलं, चला, दादा आहेत, मी आहे, पाणी भरलेलं आहे, आज उतरू. त्यांनी मान हलवली. अठ्ठावीसला संध्याकाळी येतो म्हणालाय ना, तोवर खोल बाजूला कमरेएवढं पाणी राहील, मला तेवढं पुरेल, असा त्यांनीच हिशेब केला. मी साहेबांच्या हातापाया पडले की दोन दिवस थांबा. ते म्हणाले, तारीख वरून आलीय.

सत्तावीसला सकाळी शेवटची बॅच झाली. अप्पांनी डाव्या हाताने बशी टाकली. किनार दिसली. दुपारी व्हॉल्व मी उघडला, कारण तो कसा उघडतो ते आता मलाच माहीत आहे.

अठ्ठावीसला त्यांना खुर्चीतून काठावर आणलं. दाढी केलेली, टॉवेल मांडीवर, झोळी शेजारी घडी करून. शिडीच्या पायऱ्या एकेक उघड्या पडत होत्या, ते मोजत होते. संध्याकाळी सहापर्यंत कमरेएवढं होतं. जसंच्या तसं, त्यांनी सांगितलं होतं तेवढंच. गेटवरचे दादा रस्त्यावर जाऊन उभे राहिले. साडेसातला मी परत विचारलं, मी एकटी नेते, मला येतं, मी हजारो पोरं पाण्यात सोडलीत. ते म्हणाले, येईल तो.

एकोणतीसलाही ते काठावर बसले. दुपारी फक्त खोल कोपऱ्यात डबकं उरलं होतं, गाळाचं. तीसला बशी चिखलात उघडी पडली. अप्पा तिच्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. किल्ल्या दिल्या. झोळी कोरडीच घरी आणली.

पाण्यात न उतरता तलाव सोडणारा राखणदार त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आता आरशात बघतात.

ताई

*

ता. २० ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कोणत्या तोंडाने लिहू? तार मिळाली, अठ्ठावीसला पहाटे, सामान बांधून गाडीकडे निघालो होतो तेव्हा. सत्तावीसला पाणी सोडणार, एवढंच वाचलं. सत्तावीस तर काल होऊन गेला. संपलं सगळं, असंच मनात आलं. रिकाम्या तलावाच्या काठावर अप्पांना कसं बघू? त्यांच्या डोळ्यांसमोर जायची हिंमत झाली नाही. आता येऊन काय उपयोग, असं म्हणून मी पुढच्या ठिकाणी निघून गेलो. गच्चीवरचा तलाव, सत्तावन्नाव्या मजल्यावर. पाण्याची कड आभाळाला लागते म्हणतात. मी उतरलोच नाही, दोन तास नुसता टॉवेल घेऊन बसलो.

तू मला शिव्या दे, पण पत्र टाक. अप्पांना काय सांगितलंस? लोभ मागायचा अधिकार राहिलेला नाही, तरी मागतो.

बुडबुड्या

*

ता. ८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाच महिन्यांत चार पत्रं टाकली, तुझं एक नाही. जानेवारीत अप्पांना दुसरा झटका आला, तेही मला डॉक्टरीणबाईंच्या कार्डावरून कळावं? येणारच होतो, पण छपाई चालू होती.

सोबत पुस्तक पाठवतोय. अप्पांना अर्पण केलंय. बारा तलाव कॅलेंडरमधले, आणि तेरावा आपला. प्रकाशक म्हणाले, शेवट घरी व्हायला हवा. ते प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं, रडत लिहिलं. जे व्हायला हवं होतं तेच लिहिलंय. तू समजून घेशील. लोकांना तेच प्रकरण सगळ्यांत आवडतंय, अनोळखी माणसं पत्रं लिहितात. अप्पांना वाचून दाखव. एप्रिलमध्ये येतो, नक्की. लोभ थोडा शिल्लक असेल तर राखून ठेव.

तुझाच,
बुडबुड्या

*

ता. २६ मार्च

श्री. लेखक यांस,
स. न. वि. वि.

पुस्तक मिळालं. कागद चांगला आहे. माझे सहा तलावही तुम्ही छान लिहिलेत, त्यांत पोहायचं राहिलं याचं आता वाईट वाटायचं कारण नाही.

तेरावं प्रकरण वाचलं. पाणी आरशासारखं होतं असं लिहिलंय. सोडलेलं पाणी गढूळ असतं, अप्पांच्या मुलाने निदान एवढं चुकू नये. वडिलांचं डोकं माझ्या तळहातावर होतं, पाय कुणीतरी धरले होते आणि ताई काठावर उभी राहून रडत होती, असंही लिहिलंय. मी रडले नाही रे. काठावर उभी राहून रडायला मला वेळ कधी होता? शिडीच्या पायऱ्या मोजत होते अप्पांबरोबर.

तुझ्या ऑक्टोबरच्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं, ते आता देते. आधी तू धरलंस की तीसपर्यंत पाणी असेल. तार वाचून धरलंस की सोडलं म्हणजे संपलं. मधले तीन दिवस तुझ्या दोन्ही हिशेबांत नाहीत. त्या पहाटे तू गाडीत बसला असतास तर संध्याकाळी कमरेएवढं पाणी होतं. अप्पांना ठाऊक होतं, म्हणून ते थांबले. पंपघराच्या पायरीवर वाढलेल्या मुलाला तीन दिवस आठवतील, एवढीच त्यांची खात्री होती.

आता पुस्तकाचं. मी ते कपाटात टाकणार होते. पण डॉक्टरीणबाईंनी टेबलावर पाहिलं आणि कौतुकाने अप्पांना शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. दुसऱ्या झटक्यानंतर त्यांचं आठवणं पुसट झालंय, सकाळचं संध्याकाळी राहत नाही. हे मात्र राहिलं. दुसऱ्या दिवशी परत वाचायला सांगितलं, तिसऱ्या दिवशी परत. मीच वाचते, रोज, तुझे शब्द माझ्या तोंडाने. आता पुस्तक लागतच नाही. ते स्वतःच सांगतात, पाणी गार होतं, कानात गेलं, धाकट्याने हात केव्हा काढला ते कळलंच नाही. आरशात बघून तोंड फिरवायचे, तेही थांबलंय.

खोटं आहे म्हणून सांगायला तोंड उघडलं होतं एकदा. त्यांचा चेहरा बघितला आणि मिटलं. तेव्हा एप्रिलमध्ये यायचं असेल तर ये, आणि माफी मागायला बसू नकोस. ते पोहून आलेत, त्यांना कोरडं करू नकोस. मला तुझ्याकडून काही ऐकायचं नाही आणि तुला सांगायचंही नाही, चहा मात्र मिळेल.

काल डॉक्टरीणबाई तपासायला आल्या होत्या. अप्पांनी त्यांना सगळं परत सांगितलं. त्यांनी सहज विचारलं, मुलाने डोकं धरलं, मग पाय कुणी धरले होते? अप्पांनी खूप वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाले की होतं कुणीतरी, आता लक्षात नाही. मी तेव्हा खाली बसून त्यांच्या पायांत मोजे चढवत होते.

लोभ होता, तो एवढाच होता.

आपली,
काठावरची बाई